डायएथिल झिंक : हवेत पेटणारा द्रव आणि झिजणारे ग्रंथ



 मराठीचा निवृत्त प्राध्यापक व्यासपीठावर आला की तो संतवाङ्मयावर किंवा पंडिती काव्यावर बोलणार, अशी श्रोत्यांची स्वाभाविक अपेक्षा असते. आज मात्र मी जस्ताच्या एका संयुगाविषयी बोलणार आहे. रसायनशास्त्र हा माझ्या अध्यापनाचा विषय नव्हे. परंतु ज्या ग्रंथांवर माझे आयुष्य गेले, त्यांच्या आयुष्याशी या संयुगाचा एक विलक्षण संबंध आलेला आहे, आणि तो इतिहास मराठीत फारसा सांगितला गेलेला नाही. ज्या गुरुजनांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिलेले आहे, त्यांनी शाळेचे ग्रंथालय पोटच्या मुलासारखे सांभाळले. तेव्हा ग्रंथरक्षणाचा विषय या प्रसंगी अस्थानी ठरू नये.

या संयुगाचे नाव डायएथिल झिंक. ते हवेत येताच आपोआप पेटते, पाण्याचा स्पर्श होताच भडकते. असा पदार्थ ग्रंथालयाच्या आसपासही फिरकू देऊ नये, असे कोणीही म्हणेल. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगातील एका अग्रगण्य ग्रंथालयाने आपली लाखो पुस्तके वाचविण्यासाठी नेमक्या याच पदार्थाची निवड केली, त्यावर सुमारे वीस वर्षे परिश्रम घेतले, आणि अखेरीस ती वाट सोडून दिली. त्या निवडीमागे वेडेपणा नव्हता. ज्या गुणामुळे हा द्रव भयंकर ठरतो, त्याच गुणामुळे तो पुस्तकांना उपकारक ठरणार होता. हा गुण एकच असताना त्याची दोन फळे का मिळाली, एवढेच मला आज मांडावयाचे आहे.

१. मारबुर्गची काचनळी

एडवर्ड फ्रँकलंड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाचा जन्म १८२५ साली लँकेस्टर परिसरात झाला. पित्याचे नाव त्याला लाभले नव्हते. विद्यापीठाची वाट त्याला सहजासहजी खुली नव्हती, म्हणून तो लँकेस्टरच्या एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारीला राहिला आणि औषधे कुटण्यात व बांधण्यात त्याची काही वर्षे गेली. पुढे लंडनला लायन प्लेफेअर यांच्या प्रयोगशाळेत त्याला प्रवेश मिळाला. तेथे हेर्मान कोल्बे या जर्मन तरुणाशी त्याचा स्नेह जुळला आणि त्या स्नेहातून तो जर्मनीतील मारबुर्ग येथे रोबेर्ट बुन्सेन यांच्याकडे गेला. आपल्या शाळेतील मुले ज्यांच्या नावाचा बर्नर रोज वापरतात, तेच हे बुन्सेन.

त्या काळी रसायनशास्त्रज्ञांसमोर एक मोठा प्रश्न होता. सेंद्रिय पदार्थांत काही अणुसमूह एखाद्या मूलद्रव्यासारखे अखंड राहून एका संयुगातून दुसऱ्या संयुगात जातात, असे दिसत होते. त्यांना मूलक म्हणत. हा मूलक स्वतंत्र, एकटा असा मिळविता येईल काय? फ्रँकलंडने एथिल मूलकाचा शोध घेण्याचे ठरविले. त्याने काचेच्या जाड नळीत एथिल आयोडाइड आणि जस्त घातले, नळी दोन्ही बाजूंनी वितळवून बंद केली आणि तापविली. जस्त आयोडिनला ओढून घेईल आणि एथिल मोकळे होईल, असा त्याचा तर्क होता.

हे प्रयोग १८४८-४९ मधले. नळी उघडली तेव्हा वायू मिळाला आणि हाच आपला एथिल मूलक, असे त्याला वाटले. प्रत्यक्षात दोन एथिल गट जोडले जाऊन ब्यूटेन तयार झाला होता. परंतु नळीच्या तळाशी एक अवशेषही राहिला होता. त्यावर पाण्याचे काही थेंब टाकताच नळीतून हिरवट निळी ज्वाला कित्येक फूट लांब उसळली आणि प्रयोगशाळेत असह्य दुर्गंध पसरला. बुन्सेन अस्वस्थ झाले. त्यांना कारणही तसेच होते. आर्सेनिकच्या कॅकोडिल नावाच्या संयुगांवर संशोधन करताना स्फोटात त्यांचा एक डोळा गेला होता आणि विषबाधेने ते मरणाच्या दारापर्यंत जाऊन आले होते. जस्तात आर्सेनिकची अशुद्धी असावी, हा वास कॅकोडिलचा असावा आणि या तरुणाच्या शरीरात विष भिनलेही असेल, अशी शंका त्यांनी बोलून दाखविली. फ्रँकलंडने ज्वालेचा डाग चिनी मातीच्या तुकड्यावर घेऊन तपासला. आर्सेनिक नव्हते, जस्तच होते. जस्त आणि कार्बन यांचा थेट संबंध असलेले संयुग त्याच्या हाती आले होते.

जे शोधावयास तो निघाला होता ते मिळाले नाही, आणि मिळाले ते मूळ ध्येयापेक्षा फलदायी ठरले. पुढील काही वर्षांत त्याने असे आणखी पदार्थ तयार केले. कार्बन व धातू यांच्या अशा संयुगांसाठी इंग्रजीत आज रूढ असलेले नावही त्यानेच दिले; मराठीत आपण त्यांना कार्बधातू संयुगे म्हणतो. १८५२ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर जो निबंध मांडला, त्यात या अभ्यासातून निघालेला एक व्यापक सिद्धांत होता. नायट्रोजन, फॉस्फरस, आर्सेनिक, अँटिमनी यांसारख्या मूलद्रव्यांची इतरांशी जोडले जाण्याची शक्ती ठरावीक असते, आणि जोडला जाणारा जोडीदार कोणत्याही स्वभावाचा असो, त्या शक्तीची तृप्ती ठरावीक संख्येनेच होते, असे त्याने दाखविले. आपल्या पाठ्यपुस्तकांत ज्याला संयुजा म्हणतात, त्या कल्पनेचे हे उगमस्थान. आठवीनववीतला विद्यार्थी संयुजांचा तक्ता पाठ करतो, तेव्हा मारबुर्गच्या त्या हिरव्या ज्वालेचा अंश त्याच्या वहीत उतरलेला असतो.

२. या द्रवाचा स्वभाव

शुद्ध डायएथिल झिंक दिसावयास अगदी निरुपद्रवी असते. ते पाण्यासारखे नितळ व रंगहीन असून पाण्याहून थोडे जड, म्हणजे सुमारे १.२ पट घनतेचे असते. ते उणे २८ अंश सेल्सियसला गोठते आणि ११७ ते ११८ अंशांच्या सुमारास उकळते. त्याच्या रेणूत मध्यभागी जस्ताचा एक अणू आणि दोन्ही बाजूंना एकेक एथिल गट असतो.

याचा दाहकपणा येतो कोठून? धातू आणि कार्बन यांची जोडी जमली की बंधातील इलेक्ट्रॉन कार्बनकडे ओढले जातात आणि तो कार्बन हायड्रोजनचा धनभारित अणू हस्तगत करण्यास टपलेला राहतो. पाण्याच्या रेणूत असा हायड्रोजन असतो, आम्लात तर तो अधिकच सुलभ असतो. म्हणून पाणी भेटताच एथिल गट जस्ताला सोडून हायड्रोजन उचलतो आणि एथेन वायू होऊन निघून जातो. जस्ताच्या वाट्याला ऑक्सिजन येतो आणि झिंक ऑक्साइड किंवा हायड्रॉक्साइड मागे राहते. या व्यवहारात उष्णता इतकी निर्माण होते की तोच एथेन पेट घेतो. हवेतील ऑक्सिजनशीही त्याची अशीच तीव्र क्रिया होते. ठिणगी किंवा काडी दाखविण्याची गरज पडत नाही. म्हणूनच अशा पदार्थांना स्वयंज्वलनशील म्हणतात.

हा द्रव हाताळण्याचे नियम या स्वभावातूनच निघतात. तो कोरड्या नायट्रोजन किंवा अर्गॉनच्या वातावरणात ठेवावा लागतो. फ्रँकलंडने आपल्या काळी ऊर्ध्वपातनासाठी हायड्रोजनचे आवरण वापरले होते. भांडे, नळी, सुई, सर्व काही आधी पूर्ण सुकवावे लागते, कारण काचेवर न दिसणारा ओलावाही पुरेसा असतो. प्रयोगशाळांत तो बहुधा हेक्झेन किंवा टोल्यूइन यांत विरळ करून वापरतात. त्याने उत्स्फूर्त पेट घेण्याची शक्यता कमी होते, तरी ते द्रावक स्वतः ज्वालाग्राही असतात हे विसरून चालत नाही. आग लागलीच तर पाणी वर्ज्य. कोरडी वाळू किंवा योग्य ते कोरडे चूर्णच टाकावे लागते. त्वचेवर पडल्यास गंभीर भाजते आणि डोळ्यास कायमची इजा होऊ शकते. जळताना झिंक ऑक्साइडचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो. पितळ ओतणाऱ्या कारागिरांना हा ताप फार पूर्वीपासून परिचित आहे.

१९०० साली फ्रान्समध्ये व्हिक्टर ग्रिन्यार याने मॅग्नेशियमची अशीच, पण वापरण्यास अधिक सोयीची संयुगे शोधली. संश्लेषणाच्या कामी रसायनशास्त्रज्ञांनी ती उचलली आणि जस्ताची संयुगे मागे पडली. पाऊण शतकाने डायएथिल झिंकची आठवण झाली ती एका अनपेक्षित ठिकाणी, ग्रंथपालांच्या दालनात.

३. कागदाच्या पोटातील आम्ल

ते का झाले हे कळण्यासाठी कागदाकडे वळले पाहिजे. पेशवे दप्तरातील रुमाल ज्यांनी सोडून पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे की दोनअडीचशे वर्षांपूर्वीचे मोडी कागद अद्याप घडी घालण्याजोगे आहेत. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद, त्यावर काजळाची शाई, आणि कसर व पाणी यांपासून रक्षण झाले असेल तर तो कागद आजही आपल्या हातात निश्चिंतपणे येतो. याउलट शंभर वर्षांपूर्वी छापलेली एखादी कादंबरी उघडावी, तर पान तपकिरी झालेले, कडा भुग्यासारख्या झडणाऱ्या, आणि कोपरा दुमडताच तुकडा हातात.

हा फरक एकोणिसाव्या शतकात पडला. छपाई वाढली, वाचक वाढले, चिंध्यांचा लगदा पुरेनासा झाला. १८०७ साली जर्मनीत मोरिट्झ इलिग याने कागदावर शाई फुटू नये म्हणून लगद्यातच राळ आणि तुरटी मिसळण्याची कृती प्रसिद्ध केली. १८४४ मध्ये केलर याने लाकूड दळून लगदा करण्याची रीत काढली. दोन्हींमुळे कागद स्वस्त झाला आणि शिक्षणाचा प्रसार शक्य झाला; त्यांना नुसते दोष देणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु तुरटीच्या क्षारांतून ओलाव्याच्या सान्निध्यात गंधकाम्ल निर्माण होते. कागदाचा जीव असलेल्या सेल्युलोजच्या लांब साखळ्या हे आम्ल हळूहळू तोडत राहते. उष्णता आणि दमटपणा यांनी त्याचा वेग वाढतो. पुस्तक कपाटात बंद असो वा उघडे, ही झीज थांबत नाही. पुस्तक जणू आपल्याच अंगातील मंद आगीत जळत असते.

अमेरिकेत विल्यम बॅरो याने विसाव्या शतकाच्या मध्यास या आम्लाचा पद्धतशीर अभ्यास केला आणि पाने सुटी करून चुन्याच्या निवळीसारख्या आम्लारी द्रावणांत बुडविण्याची पद्धत बसविली. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातही यशपाल कठपालिया यांच्यासारख्या जाणकारांनी या प्रश्नावर मोलाचे काम केले. अमोनियाच्या वाफेने आम्ल मारण्याचा मार्गही तेथे अवलंबिला गेला. पण अमोनिया उडून जातो आणि पुढे तयार होणाऱ्या आम्लाला आवर घालणारा साठा कागदात राहत नाही. बॅरोच्या पद्धतीत तो साठा राहतो, परंतु प्रत्येक पुस्तकाची शिवण उसवून पान न् पान धुवावे लागते. दुर्मिळ दस्तऐवजासाठी ते ठीक. लाखो पुस्तकांचे काय?

४. ग्रंथपालांची निवड

वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेससमोर हाच प्रश्न होता. तेथील संग्रहातील सुमारे एक चतुर्थांश पुस्तके हाताळताना मोडतील इतकी ठिसूळ झाली असल्याचे १९८०च्या दशकातील पाहणीत दिसून आले. पुस्तक न उसवता, बंद स्थितीतच, एकाच वेळी हजारो पुस्तकांच्या पानापानांत शिरेल, आम्ल मारील आणि मागे आम्लारी साठा ठेवून जाईल, असा एखादा वायू हवा होता. ग्रंथालयाच्या संशोधन विभागातील जॉन विल्यम्स आणि जॉर्ज केली यांची दृष्टी डायएथिल झिंककडे गेली. १९७६ साली त्यांना या पद्धतीचे पेटंट मिळाले.

त्यांचा विचार किती अचूक होता ते पाहण्यासारखे आहे. डायएथिल झिंकची वाफ मिटलेल्या पुस्तकाच्या गाभ्यापर्यंत पोहोचते. तेथे तिला आम्ल भेटले की त्यातील हायड्रोजन हिसकावून ती आम्लाचा निरुपद्रवी क्षार करून टाकते. कागदात राहिलेला यत्किंचित ओलावा भेटला की झिंक ऑक्साइड तयार होऊन धाग्यांवर बसते आणि तोच भावी आम्लावरचा पहारेकरी. दोन्ही क्रियांत निर्माण होणारा एथेन पंपाने काढून घेता येतो. नळीतून ज्वाला काढणारी आणि आम्लाचा निकाल लावणारी क्रिया रासायनिक दृष्ट्या एकाच जातीची आहे. भेद केवळ प्रमाणाचा आणि परिसराचा.

म्हणूनच कृती अशी ठरली. पुस्तके निर्वात कक्षात ठेवावयाची, ऊब देऊन त्यांतील बहुतेक ओलावा काढावयाचा, हवा पूर्ण उपसावयाची, मग वाफ सोडावयाची. क्रिया संपली की उरलेली वाफ काढून टाकून पुस्तकांना त्यांचा नेहमीचा ओलावा परत द्यावयाचा. यासाठी मोठे निर्वात कक्ष हवे होते आणि ते होते अंतराळविज्ञानाकडे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियातील व्हॅली फोर्ज येथे जनरल इलेक्ट्रिकच्या कक्षात चाचण्या झाल्या. १९८२ साली मेरीलँडमधील नासाच्या गॉडर्ड केंद्रात सुमारे ५,००० पुस्तकांवर प्रयोग झाला. निकाल आशादायक होते. त्यानंतर गॉडर्डच्याच आवारात एक लहान प्रायोगिक संयंत्र उभारण्यात आले.

५. डिसेंबर १९८५, फेब्रुवारी १९८६

१९८५च्या डिसेंबरात त्या संयंत्रात आग लागली. कक्षात द्रवरूप डायएथिल झिंक राहून गेलेले असताना तेथे पाण्याचा प्रवेश झाला होता. पुढे १९८६च्या फेब्रुवारीत यंत्रणेत अडकून राहिलेल्या रसायनामुळे दुसरा अपघात झाला, आणि अखेर ते संयंत्र मोडीत काढावे लागले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

अपघाताचे रासायनिक कारण विचारले तर उत्तर १८४९ सालीच मिळालेले होते. अवशेषावर पाण्याचे थेंब पडले की ज्वाला निघते. मग जे १३६ वर्षांपूर्वी ठाऊक होते ते घडले कसे? चौकशीतून जे पुढे आले त्याचा मथितार्थ असा की, संयंत्राची रचना, ते चालविण्याच्या कार्यपद्धती आणि चालविणाऱ्यांची तयारी या तिन्ही ठिकाणी उणिवा होत्या. ही मंडळी अज्ञानी नव्हती. निर्वात कक्ष आणि अंतराळयाने यांच्या कामात ती निष्णात होती. परंतु स्वयंज्वलनशील द्रव नळ्यानळ्यांतून वाहवणे ही रासायनिक कारखानदारीची विद्या आहे. कोणत्या वळणावर द्रव साचतो, कोणती झडप उघडण्यापूर्वी काय तपासावे, कक्ष रिता आहे हे कशावरून मानावे, हे ज्ञान पेटंटाच्या कागदावर उतरत नाही. ते त्या द्रवाबरोबर वर्षानुवर्षे काम केलेल्यांच्या हातांत असते. मारबुर्गला एकाच माणसाच्या ठायी विचार आणि हात एकत्र होते. नळी त्यानेच वितळवून बंद केली, त्यानेच उघडली, आणि ती बोटाएवढी होती. गॉडर्डला विचार ग्रंथालयाचा होता, कक्ष अंतराळसंस्थेचा होता, चालविणारे कंत्राटदाराचे होते आणि पदार्थ रासायनिक कारखान्यातून आलेला होता. या सांध्यांमधूनच पाणी आत शिरले, असे मला वाटते.

यावरून मूळ कल्पनाच खुळी होती असा निष्कर्ष काढणारे टीकाकार निघाले. निकल्सन बेकर या लेखकाने २००१ साली 'डबल फोल्ड' या पुस्तकात ग्रंथालयांच्या संरक्षणधोरणावर कडाडून टीका केली आणि या प्रकरणाचाही समाचार घेतला. त्याचा रोख अनेक ठिकाणी योग्य असला, तरी पुढचा इतिहास या निष्कर्षाला दुजोरा देत नाही. अपघातानंतर ग्रंथालय हे काम जाणणाऱ्यांकडे गेले. टेक्सास अल्किल्स ही अशी संयुगे कारखान्यात तयार करणारी कंपनी पुढे आली आणि नंतर अक्झो या रसायनसमूहाने टेक्सासमध्ये हे काम चालविले. अनेक अमेरिकन ग्रंथालयांची पुस्तके तेथे प्रक्रियेसाठी गेली. वाफ तीच होती, पण आता ती जाणत्या हातांत होती.

तरीही १९९४ साली ते काम बंद पडले. याचे कारण आग नव्हे. काही पुस्तकांना वास येई, काही गुळगुळीत पानांवर इंद्रधनुषी कडी उमटत, आणि खर्च भागेल इतके काम ग्रंथालयांकडून मिळाले नाही. दरम्यान एक सौम्य पर्याय पुढे आला होता. न पेटणाऱ्या द्रवात मॅग्नेशियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण मिसळून तो पुस्तकावर वाहवावयाचा. कण पानांवर बसतात आणि हवेतील ओलाव्याच्या साह्याने आम्ल शमवितात. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून लायब्ररी ऑफ काँग्रेसने ही पद्धत स्वीकारली आणि लक्षावधी पुस्तकांवर ती वापरली.

६. द्रवाचे पुनरागमन

ग्रंथालयातून बाहेर पडलेले डायएथिल झिंक इतिहासजमा झाले नाही. गॉडर्डचे संयंत्र मोडले त्याच १९८६ साली जपानमध्ये र्‍योजी नोयोरी यांनी ते कार्बनी रेणूंशी अशा रीतीने जोडून दाखविले की उजवा आणि डावा अशा दोन प्रतिबिंबरूप रेणूंपैकी हवा तोच प्राधान्याने मिळावा. औषधनिर्मितीच्या दृष्टीने या विद्येचे मोल फार मोठे आहे.

त्याहून मला मोहविणारा उपयोग दुसराच आहे. सौरघट, पडदे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे यांसाठी झिंक ऑक्साइडचे अत्यंत पातळ व पारदर्शक थर लागतात. ते देण्याच्या एका पद्धतीत निर्वात कक्षात प्रथम डायएथिल झिंकची वाफ सोडतात, उरलेली वाफ संपूर्ण काढून टाकतात, मग पाण्याची वाफ सोडतात, तीही काढून टाकतात, आणि हे आवर्तन शेकडो वेळा करतात. प्रत्येक आवर्तनात सुमारे एका मिलिमीटरच्या पन्नास लाखाव्या भागाएवढा थर चढतो. निर्वात कक्ष, डायएथिल झिंक आणि पाणी, ही गॉडर्डची तीनही पात्रे येथे पुन्हा एकत्र आलेली आहेत. फरक इतकाच की येथे एकाला पूर्ण निरोप दिल्यावाचून दुसऱ्याला आत घेत नाहीत. जे मीलन तेथे अपघात ठरले, ते येथे शिस्तीने घडवून आणलेले उत्पादन आहे. पदार्थाच्या गुणदोषांविषयीचा आपला निर्णय बहुधा आपल्या शिस्तीविषयीचा निर्णय असतो, हे यापेक्षा स्पष्ट कोणते उदाहरण सांगेल?

७. आपली कपाटे

आता आपल्या गावाकडे येतो. वडोदऱ्याला ग्रंथालयाचा अभिमान बाळगण्याचा अधिकार आहे. १९०६ साली महाराज सयाजीराव गायकवाड अमेरिकेत गेले, तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला येथे आणून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणविले. सयाजी साहित्यमाला आणि बालज्ञानमाला यांतून मराठी व गुजराती पुस्तके निघाली. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपलेल्या इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, गोवे येथील वाचनालयांचीही अशीच पुण्याई आहे. पण ही बहुतेक पुण्याई एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि विसाव्या शतकाचा पूर्वार्ध या कालखंडात छापली गेली, म्हणजे नेमकी तुरटी-राळेच्या आणि लाकडी लगद्याच्या कागदावर. येथील उन्हाळा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि पाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा येते. आम्लाला याहून अनुकूल ऋतुचक्र कोणते?

मोठ्या शहरांतील प्रकाशनांच्या प्रती अन्यत्र मिळू शकतील. परंतु संस्थानी मुद्रणालयांत छापलेल्या पुस्तिका, स्थानिक मराठी मंडळांचे अहवाल, शाळांची वार्षिके, गणेशोत्सवातील व्याख्यानांचे वृत्तांत, यांची प्रत कित्येकदा आपल्याच कपाटात एकुलती एक असते. ती झडली की आपल्या पूर्वजांनी परप्रांतात मराठी कशी सांभाळली याचा पुरावाच नाहीसा होतो.

आपल्याला निर्वात कक्ष परवडणार नाही, आणि तो हवाही नाही. करण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. जुनी पुस्तके गच्चीखालच्या खोलीतून काढून इमारतीतील सर्वांत थंड व कोरड्या जागी हलवावीत, कारण तापमान उतरले की आम्लाची क्रियाही मंदावते. ऊन थेट पडू देऊ नये. फाटलेल्या पानांवर बाजारी चिकटपट्टी लावू नये; तिचा डिंक पुढे कागदात उतरून डाग पाडतो. एकुलत्या प्रतींची यादी करून त्यांची डिजिटल छायाचित्रे घ्यावीत, पण छायाचित्र घेतले म्हणून मूळ प्रत रद्दीत देऊ नये. अत्यंत मोलाचे कागद असतील तर अभिलेखागारातील तज्ज्ञांना दाखवावेत, स्वतः रसायनांचे प्रयोग करू नयेत. आणि यापुढे जे छापू, ते आम्लरहित कागदावर छापावे. टिकाऊ कागदाचे आंतरराष्ट्रीय मानक १९९४ सालीच निश्चित झाले आहे. डायएथिल झिंकने पुस्तकांवर जो उपचार करू पाहिला, त्याची गरजच न उरण्याचा मार्ग शेवटी कागद गिरण्यांनी दाखविला. तुरटीऐवजी चुनखडीचा आधार घेऊन कागदच निरोगी करावा, हा तो मार्ग.

आपल्या गुरुजनांना कागदाचे रसायन माहीत नसेल. पण पुस्तक परत घेताना ते पान न् पान उलटून पाहत, पावसाळा संपला की कपाटे रिकामी करून पुस्तकांना हवा देत, आणि मुलांना ओल्या हाताने पुस्तक धरू देत नसत. ज्ञान आणि हात एकत्र ठेवण्याची ती रीत होती. गॉडर्डच्या संयंत्रात नेमकी तीच उणी पडली. या इमारतीतील कपाटांच्या किल्ल्या ज्यांच्याकडे आहेत आणि उद्या येणार आहेत, त्यांनी ती रीत मोडू देऊ नये, एवढीच विनंती.